आधी वायर, मग फेडर

वाचकाचं पत्र

आम्ही पंचवटीत जुन्या वाड्यातल्या आमच्या भागात राहतो. मी गाते, पेटी वाजवते. हे तबला वाजवतात. संध्याकाळी दोघं मिळून मुलांच्या शिकवण्या घेतो. आता विद्यार्थ्यांसाठी अभंग, स्तोत्रं आणि वेगवेगळे ठेके घरीच नीट रेकॉर्ड करून ठेवायचं ठरवलं आहे. हाताशी दीड लाख रुपये आहेत. सध्या २०१९ सालचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅमचा लॅपटॉप, एक यूएसबी माइक आणि मुलाने बसवून दिलेलं रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर एवढंच सामान आहे. गाताना हेडफोनमध्ये माझाच आवाज मागून येतो, ठेका निसटतो आणि मधूनच तडतड ऐकू येते. एम. जी. रोडवरच्या एका दुकानदाराने एक लाख दहा हजारांच्या गेमिंग कॉम्प्युटरचं कोटेशन दिलं आहे. धाकटे दीर म्हणतात, घ्यायचा तर मॅकच घ्या. आणि चिरंजिवांना आठ फेडरवाला, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या आठ आपोआप सरकणाऱ्या पट्ट्यांचा, कंट्रोल सरफेस हवाय. ‘त्याच्याशिवाय स्टुडिओ कसला?’ असं त्यांचं म्हणणं. नेमकं काय घ्यावं? जुना लॅपटॉप दुकानदार एक्स्चेंजमध्ये मागतोय, देऊन टाकू का? जाता जाता सांगते, हेडफोन मुलाचा ब्लूटूथचा आहे, पण चांगल्या कंपनीचा आहे.

— एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर

ताई, नमस्कार.

पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही शेवटी लिहिलीत: हेडफोन ब्लूटूथचा आहे.

ब्लूटूथ हेडफोन कुठल्याही कंपनीचा असो, तो आवाज आधी आवळतो, हवेतून पाठवतो आणि पुन्हा उलगडून कानात घालतो. त्यात साधारण शंभर ते तीनशे मिलिसेकंद जातात. सिनेमा बघताना हे कळत नाही, कारण चित्रही तेवढंच मागे ठेवलेलं असतं. गाण्यात मात्र याचा हिशोब मात्रांत होतो. मध्यलयीचा त्रिताल मिनिटाला १२० मात्रांनी चालला असेल, तर एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची. दोनशे मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे अर्ध्या मात्रेच्या आसपास. द्रुतात २४० मात्रा धरल्या तर तोच उशीर जवळजवळ अख्खी मात्रा खातो. यजमान समेवर येतात आणि तुमच्या कानात सम पुढच्या मात्रेला पोचते. मग ठेका निसटणार नाही तर काय होईल? यात लॅपटॉपचा दोष नाही आणि तुमच्या तालाचा तर मुळीच नाही. एक लाख दहा हजारांचा कॉम्प्युटर आणून त्याला हाच हेडफोन लावलात, तर उशीर आहे तितकाच राहील.

तेव्हा दुकानात जाण्याआधी साधा वायरचा हेडफोन आणा. तुमच्या यूएसबी माइकला बहुधा हेडफोन लावायची जागा असेल; असेल तर पिन लॅपटॉपमध्ये न घालता तिथे घाला. त्या वाटेने येणारा तुमचा आवाज लॅपटॉपपर्यंत जाऊन परत येत नाही, माइकमधूनच थेट कानात येतो. याला डायरेक्ट मॉनिटरिंग म्हणतात. हे करताना रीपरमध्ये त्या ट्रॅकचं मॉनिटरिंगचं बटण बंद करायचं, नाहीतर एक आवाज लगेच आणि दुसरा मागाहून, असे दोन-दोन तुम्ही ऐकाल. माझा अंदाज, निम्मी तक्रार इथेच मिटेल.

उरलेली निम्मी म्हणजे तडतड. ती मात्र लॅपटॉपचीच. कॉम्प्युटर आवाज सलग घेत नाही, तुकड्यातुकड्यांनी घेतो. एका तुकड्यात किती सॅम्पल, म्हणजे आवाजाची सुटी मोजमापं, घ्यायची त्या आकड्याला बफर म्हणतात. सेकंदाला ४८,००० सॅम्पल घेत असाल आणि बफर १२८ चा असेल, तर एक तुकडा २.७ मिलिसेकंदांचा, ५१२ चा असेल तर १०.७ चा. बफर लहान ठेवला की उशीर कमी होतो, पण कॉम्प्युटरला दर २.७ मिलिसेकंदांनी न चुकता हजर राहावं लागतं. एकदा जरी तो दुसऱ्या कामात गुंतला तरी तो तुकडा रिकामा जातो आणि आपल्याला ‘टक्’ ऐकू येतं.

गुंततो कशात? संगीतात क्वचितच. वाय-फायचा ड्रायव्हर (म्हणजे ते उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर), ग्राफिक्सचा ड्रायव्हर, बॅटरी वाचवायला प्रोसेसरचा वेग खाली आणणारी सेटिंग, मागे गुपचूप चाललेलं अपडेट, ही नेहमीची मंडळी. विंडोजवर लेटन्सीमॉन नावाचं सॉफ्टवेअर घरगुती वापरासाठी फुकट मिळतं. ते थोडा वेळ चालू ठेवलं की कोणता ड्रायव्हर वाट अडवतोय त्याचं नावच दाखवतं. चिरंजिवांना हे काम द्या, त्यांना आवडेल. चार्जर लावून ठेवा, पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर न्या, रेकॉर्डिंगपुरतं वाय-फाय बंद करा आणि बफर ५१२ करा. डायरेक्ट मॉनिटरिंग चालू असल्यावर मोठ्या बफरचा उशीर तुमच्या कानाला लागतच नाही, त्यामुळे तो लहान ठेवण्याचा अट्टहास कशाला?

उशीर किती चालतो, हेही सांगतो, कारण यावरून यूट्यूबवर फार कंठशोष चालतो. आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे मिलिसेकंदाला ३४ सेंटिमीटर. यजमान बैठकीत तुमच्यापासून दीड मीटरवर बसत असतील तर त्यांचा तबला तुम्हाला साडेचार मिलिसेकंद उशिराच ऐकू येतो, आणि इतकी वर्षं तसाच येतोय. पाच-सात मिलिसेकंदांसाठी हजारो रुपये मोजू नका. दहाच्या पुढे गेलं की गाणाऱ्याला टोचायला लागतं. आपला आवाज आपल्याला हाडांमधूनही लगेच पोचत असतो आणि हेडफोनमधला त्यावर मागून येऊन आदळतो.

आता कॉम्प्युटर. तुमच्या कामाचं ओझं किती आहे ते आधी मोजू. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर एका माइकचं एक मिनिट साडेआठ एमबीच्या थोडं वर जातं. चार माइक लावून सहा मिनिटांचा अभंग रेकॉर्ड केला तर साधारण दोनशे एमबी. हल्ली लग्नातला एखादा व्हिडिओही फोनमध्ये याहून जास्त जागा घेतो. २०१९ चा आय-फाइव्ह हे काम सहज करेल. जास्त ताकद लागते ती सॅम्पल लायब्ऱ्यांना, म्हणजे व्हायोलिनचा ताफा, पियानो, ब्रास वगैरे कॉम्प्युटरमधून वाजवायचं असेल तर. ते सगळं रॅममध्ये येऊन बसतं, तिथे ८ जीबी पुरत नाही. ज्या घरात खरी पेटी आणि खरा तबला वाजतो त्या घराला ती चिंता नाही.

लॅपटॉपमध्ये दोन गोष्टी पाहून घ्या. आत अजून फिरणारी हार्ड डिस्क असेल तर ती काढून एसएसडी घाला आणि मॉडेलमध्ये सोय असेल तर रॅम १६ जीबी करा, एम. जी. रोडवर हे काम करून मिळतं. दुसरं, विंडोज १० चं मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं. प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा असेल (आय-फाइव्हच्या पुढचा आकडा ८, ९ किंवा १० ने सुरू होतो का बघा) तर विंडोज ११ चालतं. २०१९ च्या लॅपटॉपमध्ये बहुधा तसाच असतो.

म्हणजे सध्या कॉम्प्युटर घेऊच नका, असं मी म्हणतोय. दुकानदाराला वाईट वाटेल. त्याऐवजी ज्या वस्तूचं पत्रात नावही नाही ती घ्या: ऑडिओ इंटरफेस. माइकची वायर ज्यात जाते, जो आवाजाचे आकडे करून यूएसबीने कॉम्प्युटरला देतो आणि ज्यातून हेडफोनला आवाज परत येतो, तो हा छोटा डबा. एका यूएसबी माइकवर गाणं, पेटी, तबला सगळं घेतलं की नंतर तबला थोडा कमी करायचा म्हटलं तर गळाही कमी होतो. दुसरा यूएसबी माइक आणून भागत नाही, कारण दोन्ही माइकांची घड्याळं वेगवेगळी चालतात, आणि विंडोजवर एएसआयओ या कमी उशिराच्या ऑडिओ ड्रायव्हरने काम करताना सॉफ्टवेअर एका वेळी एकच उपकरण धरतं.

किती इनपुटचा घ्यायचा? गळा, पेटी, दायाँ, डग्गा. चार. इथे एक खोच आहे, ती नीट बघा. खोक्यावर ‘४ इन’ लिहिलं म्हणजे चार माइक लागतात असं नाही. फोकसराइटचा स्कार्लेट ४आय४ घ्या किंवा मोटूचा एम४, दोन्हींना माइकचे प्रीअँप, म्हणजे माइकचा बारीक सिग्नल मोठा करणारे भाग, दोनच आहेत. बाकीचे दोन इनपुट की-बोर्डसारख्या लाइन पातळीच्या वाद्यांसाठी. चार खरे माइक प्रीअँप हवे असतील तर बेहरिंगरचा यूएमसी४०४एचडी, टॅस्कमचा यूएस-४×४एचआर किंवा ऑडिएंटचा इव्हो ८ बघा. दुकानात ‘इनपुट किती’ विचारू नका. ‘४८ व्होल्टचे माइक प्रीअँप किती’ असं विचारा. ते ४८ व्होल्ट म्हणजे फँटम पॉवर, कंडेन्सर माइकला लागते.

माइकबद्दल थोडक्यात. तुमच्या भागात घाटावरच्या घंटा, लाउडस्पीकर आणि आता सिंहस्थाच्या कामांची वाहनं. अशा ठिकाणी संवेदनशील कंडेन्सर माइक लांबची प्रत्येक गोष्ट टिपतो. गळ्याला आणि तबल्याला शुअरच्या एसएम५८, एसएम५७ जातीचे डायनॅमिक माइक जवळ लावून घ्या. अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या, पक्कं बिल घ्या. या माइकांच्या नकला फार फिरतात.

तरीही दोन-तीन वर्षांनी कॉम्प्युटर घ्यावा लागेलच, म्हणून त्या कोटेशनबद्दल आत्ताच लिहितो. गेमिंग कॉम्प्युटरच्या किमतीतला मोठा वाटा ग्राफिक्स कार्डाचा असतो आणि रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला त्याचा जवळजवळ काहीच उपयोग नसतो. उलट ते तापतं, त्याला थंड करायला पंखे, पंख्यांना दिवे, आणि त्या पंख्यांची घरघर तुमच्या तानपुऱ्याच्या खाली कायमची रेकॉर्ड होते. प्रोसेसरमध्ये कोअर (एकाच वेळी वेगवेगळे हिशोब करणारे भाग) किती यावरही दुकानदार भर देतात. एका ट्रॅकवर एकामागोमाग लावलेले इफेक्ट मात्र एकापाठोपाठ एकच मोजावे लागतात, ते दहा कोअरना वाटून देता येत नाहीत. त्यामुळे एका कोअरचा वेग जास्त कामाचा. मधल्या फळीतला चालू पिढीचा आय-फाइव्ह किंवा रायझन ५ तुम्हाला पुरून उरेल. १६ जीबी रॅम, एक टीबी एनव्हीएमई (वेगवान प्रकारची) एसएसडी, प्रोसेसरमध्येच असलेले ग्राफिक्स, मोठा आणि सावकाश फिरणारा पंखा. कोटेशनमध्ये हे बसवून मागितलंत तर रक्कम केवढी खाली येते ते बघाच. कॅबिनेट शेजारच्या खोलीत ठेवलं तर आणखी उत्तम. साधी यूएसबी २.० केबल पाच मीटरपर्यंत चालते, त्याहून लांब नको.

दिरांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. तुमच्याकडे माइक आणि कॉम्प्युटर एकाच खोलीत राहणार असतील तर मॅक मिनीचा शांतपणा खरोखर उपयोगी पडतो. ॲपलच्या एम४ प्रोसेसरचा मिनी २०२४ च्या शेवटी आला तेव्हा १६ जीबी रॅम आणि २५६ जीबी जागेच्या मूळ मॉडेलची भारतातली किंमत ५९,९०० रुपये होती. मॉनिटर, की-बोर्ड, माऊस आपला. जागा कमी आहे म्हणून रेकॉर्डिंग बाहेरच्या एसएसडीवर करायचं. रॅम नंतर वाढवता येत नाही, ती जेवढी घेतली तेवढीच. मॅकवर आवाजाची व्यवस्था सिस्टिममध्येच आहे, एएसआयओची भानगड नाही, आणि रीपर दोन्हीकडे चालतं. ‘संगीत मॅकवरच होतं’ हे मात्र दिरांकडून ऐकून घ्या आणि सोडून द्या. कोणताही घेतलात तरी नवी ऑपरेटिंग सिस्टिम आली की लगेच अपडेट करू नका. इंटरफेस आणि सॉफ्टवेअर बनवणारे ‘चालतं’ म्हणेपर्यंत थांबा.

आता चिरंजिवांचा आठ फेडरवाला सरफेस. यावर जरा सविस्तर लिहितो, कारण घरोघरी हाच हट्ट दिसतो.

मांडवातल्या साउंडवाल्याचा मिक्सर तुम्ही पाहिलाय. त्यात माइकची वायर जाते, आवाज त्यातून वाहतो, फेडर खाली केला की आवाज तिथेच कमी होतो. कंट्रोल सरफेस दिसायला तसाच, पण त्यातून आवाजाचा थेंबही जात नाही. तो टीव्हीच्या रिमोटसारखा आहे: पडद्यावरचा फेडर वर करा, रेकॉर्ड सुरू करा, ट्रॅक बदला, एवढे निरोप कॉम्प्युटरला देतो. तो घेतल्याने रेकॉर्डिंगचा दर्जा तसूभरही वाढत नाही. चिरंजिवांना हे कुणीतरी सांगायला हवं होतं, मी सांगतो.

मग लोक घेतात कशासाठी? मिक्सिंग करताना हाताने फेडर चढवत-उतरवत गाण्याबरोबर जाता यावं म्हणून. अभंगात तुम्ही तार सप्तकात गेलात की आवाज उसळतो, खालच्या ओळीत बसतो. तिथे बोटाने फेडर सांभाळणं माऊसने रेषा ओढण्यापेक्षा कितीतरी सहज होतं. ही सोय खरी आहे. पण त्या क्षणी तुमचं बोट एकाच फेडरवर असतं, बहुधा गळ्याच्या. कान एका वेळी एकाच गोष्टीच्या मागे जातो. आठ फेडर लागतात ते चाळीस-पन्नास ट्रॅकवाल्यांना, ज्यांना आठ-आठच्या गठ्ठ्यांनी पुढे सरकावं लागतं. तुमचे ट्रॅक चार, फार तर सहा.

मोटार हवी का, हा मात्र रास्त प्रश्न आहे. कॉर्गच्या नॅनोकंट्रोल२ सारख्या छोट्या पट्टीला आठ फेडर आहेत, पण मोटार नाही. पडद्यावर तुम्ही गळ्याचा फेडर अर्ध्यावर ठेवलाय आणि हातातला तळाशी आहे. हात लावताच पडद्यावरचा एकदम तळाला उडी मारतो, किंवा सॉफ्टवेअर तशी सेटिंग देत असेल तर दोघांची गाठ पडेपर्यंत काहीच होत नाही. दोन्ही प्रकार वैताग आणतात. शिवाय मिडी, म्हणजे वाद्यं आणि कॉम्प्युटर यांच्यात निरोप देण्याची पद्धत, तिच्या साध्या संदेशात ० ते १२७ एवढ्याच पायऱ्या. मिडी १९८३ सालचं आहे, तेव्हा तेवढ्या पुरेशा वाटल्या असतील. हळू फेडआउटमध्ये त्या पायऱ्या कधीकधी कानाला लागतात. मोटारवाल्या सरफेसमध्ये बहुतेक ठिकाणी मॅकी कंट्रोल नावाची पद्धत चालते. ती फेडरची जागा पिच बेंड (सूर सरकवण्यासाठी असलेल्या) नावाच्या मोठ्या संदेशातून पाठवते, त्यामुळे हालचाल गुळगुळीत होते. ट्रॅक बदलला की फेडर आपोआप त्या ट्रॅकच्या जागी जाऊन बसतो. मॅकी पद्धत रीपर, क्यूबेस, लॉजिक, स्टुडिओ वन, एबलटन अशा रेकॉर्डिंगच्या सगळ्या सॉफ्टवेअरांना समजते. प्रो टूल्स या सॉफ्टवेअरला एचयूआय ही जुनी पद्धत लागते. खरेदी करताना ‘मॅकी मोड आहे का’ एवढं विचारलंत तरी पुढे सॉफ्टवेअर बदललं तर वस्तू अडगळीत जाणार नाही.

मोटारचा एक तोटा यूट्यूबवर दाखवत नाहीत. ती सरकताना ‘झुर्र’ आवाज करते. आधीचे ट्रॅक ऑटोमेशनसह, म्हणजे फेडरच्या नोंदवून ठेवलेल्या हालचालींसह, वाजवत त्यावर नवा गळा रेकॉर्ड करत असाल आणि सरफेस माइकपासून हातभरावर असेल, तर ती झुर्रही रेकॉर्ड होते. मोठ्या स्टुडिओत माइक वेगळ्या खोलीत असतो, तुमच्याकडे नाही.

म्हणून माझं मत सरळ आहे. आठचा नको. घ्यायचाच असेल तर एका मोटार-फेडरचा: प्रीसोनसचा फेडरपोर्ट किंवा बेहरिंगरचा एक्स-टच वन. तोसुद्धा आत्ता नाही. दहा-बारा अभंग माऊसने मिक्स करून झाल्यावर हात शिवशिवायला लागला तर.

पण तुमच्या घरात एक अडचण अशी आहे जी कंट्रोल सरफेसच्या जाहिरातीत दिसत नाही आणि तुम्हाला रोज येत असणार. रेकॉर्डचं बटण दाबतं कोण? तुमचा एक हात भात्यावर, एक पट्ट्यांवर. यजमानांचे दोन्ही हात तबल्यावर. लॅपटॉप टेबलावर, बैठक जमिनीवर. म्हणजे तुम्ही उठता, बटण दाबता, लगबगीने येऊन बसता, पेटी पुढे ओढता, आणि पहिल्या ओळीला दम लागलेला असतो. अंतरा चुकला की पुन्हा तेच. याला फेडर लागत नाही, पाय लागतो. यूएसबीवर चालणारं पायाचं पेडल मिळतं, कॉम्प्युटरला ते की-बोर्डाचं एखादं बटणच वाटतं. रीपरमध्ये त्या बटणाला रेकॉर्ड किंवा स्टॉप जोडून द्यायचं. ते सापडलं नाही तर वायरलेस नंबरपॅड घ्या, कुठल्याही कॉम्प्युटरच्या दुकानात मिळतो. पेटीच्या बाजूला ठेवा आणि मोठ्या बटणांना रेकॉर्ड, स्टॉप, ‘हा टेक टाकून परत सुरुवातीला’ अशी कामं नेमून द्या. बटणांवर रंगीत टिकल्या चिकटवल्या की यजमानांनाही चष्मा शोधावा लागणार नाही. रीपर फोनच्या ब्राउझरमधूनही चालवता येतं, पण त्यासाठी वाय-फाय चालू ठेवावं लागतं, आणि आपण आत्ताच ते बंद करून आलो. पुढे फेडरपोर्ट घेतलात तर त्याला मागे फुटस्विचची जागा आहे. चुकलेल्या ओळीपुरतं पायाने पंच-इन, म्हणजे तेवढाच भाग पुन्हा रेकॉर्ड, करता येतं. एक फेडरवाला सुचवण्यामागे माझं हेही कारण आहे.

तोल फेडरने साधण्याआधी बसण्याच्या जागेने साधा. विष्णु दिगंबर पलुसकरांनी उत्तरायुष्यात तुमच्याच पंचवटीत रामनाम आधार आश्रम काढला होता. त्यांचे चिरंजीव द. वि. पलुसकर (१९२१-१९५५) यांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्या एकदा हेडफोन लावून ऐका. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. ट्रॅक वेगळे घेऊन नंतर तबला कमी-जास्त करण्याची सोय त्या काळी नव्हती. कोण माइकच्या जवळ, कोण लांब, यावरच सगळा तोल. तुम्हीही तबला पावलाभराने मागे घेऊन बघा, पेटीचा भाता तुमच्या माइककडे न उघडता दुसरीकडे उघडेल असं बसा. चार माइक असूनही याने जो फरक पडतो तो कोणत्याही सरफेसने पडत नाही.

वाड्याचं म्हणून एक सांगणं जरुरीचं आहे. जुन्या वायरिंगमध्ये बऱ्याचदा अर्थिंग नसतं किंवा नावापुरतं असतं. इंटरफेस जोडल्यावर खाली सतत ‘हूं’ असा घोष ऐकू आला तर चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा. घोष गेला तर दोष विजेच्या वाटेत आहे, माइक किंवा इंटरफेसमध्ये नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, तोच सूर आणि त्याची पटीतली भावंडं रेकॉर्डिंगमध्ये शिरतात. काही जण यावर प्लगची तिसरी, मोठी पिन काढून टाकायचा उपाय सांगतात. तो करू नका, जिवाशी खेळ आहे. वायरमन बोलावून अर्थिंग तपासून घ्या आणि सगळं सामान एकाच सॉकेटवरून, एका चांगल्या एक्स्टेंशन बोर्डवर चालवा. डेस्कटॉप घेतलात तर त्याला यूपीएस हवाच. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी आहे, हा त्याचा आणखी एक गुण.

पैशांचं मी असं बघेन. चार प्रीअँपच्या इंटरफेससाठी पंचवीस हजारांपर्यंत. तीन-चार माइक, स्टँड आणि वायरी यांना तीस-पस्तीस. दोघांना वायरचे, कान पूर्ण झाकणारे हेडफोन, दोन्ही मिळून दहा. उघडे हेडफोन नकोत, त्यातला तबला गळ्याच्या माइकमध्ये गळतो. एसएसडी, रॅम, पेडल किंवा नंबरपॅड, अर्थिंगचं काम यांना पंधरा. जाड पडदे आणि भिंतीला टेकवून ठेवायच्या दोन गाद्या घरात असतीलच. रीपर साठ दिवस फुकट वापरता येतं, नंतर व्यक्तिगत वापराचा परवाना साठ डॉलरचा आहे, तो घ्या. एवढं करून साठेक हजार शिल्लक राहतात. ते बँकेत राहू द्या. पुढच्या वर्षी मिनी किंवा शांत डेस्कटॉप त्यातूनच येईल, आणि चार माइकांची सवय झाल्यावर तुम्हालाच नेमकं कळलेलं असेल की अडतंय कुठे.

शेवटचा प्रश्न, लॅपटॉप एक्स्चेंजमध्ये द्यावा का. मुळीच नाही. दुकानदार त्याला जेवढे देईल त्याहून तो तुमच्या घरात जास्त किमतीचा आहे. पुढे नवा कॉम्प्युटर आला तरी इंटरनेट, विद्यार्थ्यांना फायली पाठवणं, ऑनलाइन शिकवणी हे सगळं या लॅपटॉपवर ठेवा, म्हणजे रेकॉर्डिंगच्या कॉम्प्युटरवर नको ती सॉफ्टवेअरं चढणार नाहीत. आणि प्रत्येक रेकॉर्डिंगची दुसरी प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर त्याच संध्याकाळी काढा, शिकवणी सुरू होण्याआधी.